चाळीस फूट, पण कुठून? विमानांच्या इंग्रजीतले शब्द आणि मापं

प्रश्न मिरजेच्या एका मुलीचा आहे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आहे, बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून, आणि आता एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या परीक्षेची तयारी चालू आहे. ती लिहिते: "सर, हाइट, ऑल्टिट्यूड, एलिव्हेशन आणि लेव्हल या चारही शब्दांना डिक्शनरीत उंची असाच अर्थ दिलाय. मग चार शब्द कशाला? उंची फुटांत, धावपट्टी मीटरमध्ये, अंतर नॉटिकल मैलात आणि पेट्रोल किलोत, ही खिचडी का? मला रूपांतराचं कोष्टक तोंडपाठ आहे. पण रेकॉर्डिंग ऐकताना आकड्याचा हिशेब होईपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं."

मी टॉवरवर आणि रडारसमोर तीस वर्षांहून जास्त काढली, आता निवृत्त होऊन कराडात असतो. तुझ्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ते कोष्टक आधी कपाटात ठेव. रेडिओवर कोणी रूपांतर करत नाही, करायचंही नसतं. फूट ऐकले की फुटांतच विचार करायचा, वेगाचे नॉट ऐकले की नॉटमध्येच. आणि ते तुला येत नाही असं समजू नकोस, कारण तू कृष्णाकाठची आहेस.

ऑगस्टमधला आपल्याकडचा कुठलाही दिवस आठव. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात, कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, सांगलीतलं पाणी फुटांत, आणि पूर ओसरल्यावर नुकसान गुंठ्यांत. यातलं एकही माप दुसऱ्यात बदलून घ्यायला कोणी थांबत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं म्हटलं की सांगलीकर सामान माडीवर चढवायला लागतो. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. म्हणजे किती मीटर, असं विचारणारा माणूस नक्की बाहेरगावचा.

आता त्याच पुरातला दुसरा आकडा घे. कोयना धरण भरलं की पाणीपातळी २,१६३ फुटांवर असते. धरणात दोन हजार फूट पाणी आणि पुलाखाली चाळीस, असा अर्थ कोणी काढत नाही. कोयनेचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे आणि आयर्विनचा तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा. दोन्ही फूटच, पण मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून. तुझ्या चार शब्दांचं उत्तर इथंच आहे.

हाइट म्हणजे आयर्विनचा आकडा: खालच्या जमिनीपासून किंवा ठरवलेल्या एखाद्या जागेपासून वर किती. ऑल्टिट्यूड म्हणजे कोयनेचा आकडा: समुद्रसपाटीपासून विमान किती वर आहे. एलिव्हेशनही समुद्रसपाटीपासूनच, पण ते हलत नाही; धावपट्टीचं, टेकडीचं, म्हणजे जमिनीला चिकटलेल्या वस्तूचं असतं. कराडचं एलिव्हेशन ढोबळमानानं अठराशे फूट धर. कराडवरून एखादं विमान २,८०० फूट ऑल्टिट्यूडनं जात असेल, तर खालच्या धावपट्टीपासून त्याची हाइट हजारच फूट. आणि सदाशिवगड किंवा आगाशिवचा डोंगर समोर असेल तर त्याहूनही कमी, हे विसरलीस तर मग बाकी काही विसरायला शिल्लक राहत नाही.

लेव्हल हा शब्द थोडा सरकारी आहे, सगळ्यांना पोटात घेणारा. पण फ्लाइट लेव्हल ही वेगळीच चीज. ती समजायला आधी विमान उंची मोजतं कसं ते पाहू.

विमानातल्या अल्टिमीटरला समुद्रही दिसत नाही, जमीनही दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त हवेचा दाब. वर जावं तसा दाब कमी होतो. हा दाब हेक्टोपास्कल या एककात मोजतात. खालच्या थरात एक हेक्टोपास्कल कमी झाला की साधारण तीस फूट वर गेलो, असं ढोबळ गणित धरतात. पण हवेचा दाब रोज बदलतो. पावसाळ्यात खाली येतो, थंडीत चढतो. म्हणून अल्टिमीटरला आधी सांगावं लागतं की आज शून्य कुठं धर. क्यूएनएच म्हणून जो आकडा आम्ही वैमानिकाला देतो, तो लावला की यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं, म्हणजे ऑल्टिट्यूड. क्यूएफई लावला की धावपट्टीवर चाकं टेकलेली असताना काटा शून्यावर येतो, म्हणजे हाइट. कोयना आणि आयर्विन पुन्हा एकदा.

क्यूएनएचचं पूर्ण रूप 'नॉटिकल हाइट' असं क्लासमध्ये शिकवलं, असंही तू लिहिलं आहेस. ते लक्षात ठेवायला सोपं म्हणून कोणीतरी नंतर जुळवलं आहे. ही तारायंत्राच्या काळातली सांकेतिक अक्षरं. लांबलचक वाक्य मोर्समध्ये बडवत बसण्यापेक्षा क्यूपासून सुरू होणारी तीन अक्षरं पाठवायची. कशाचंही संक्षिप्त रूप नव्हे. मुलाखतीत विचारलं तर हेच सांग.

विमान खूप वर गेलं की मात्र गावोगावचा क्यूएनएच लावत बसण्यात अर्थ नसतो. मुंबईहून निघालेल्या आणि हैदराबादहून निघालेल्या विमानांची शून्यं वेगवेगळी असतील तर दोघांच्या हजार फुटांच्या अंतराला काय किंमत? म्हणून ठरावीक उंचीनंतर सगळे एकच ठरलेला दाब लावतात, १०१३.२५ हेक्टोपास्कल. त्यावर जी उंची दिसते तिला फ्लाइट लेव्हल म्हणायचं आणि शेवटची दोन शून्यं गाळायची. फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो म्हणजे पस्तीस हजार. खरं विमान समुद्रापासून नेमकं पस्तीस हजार फुटांवर नसेलही. त्यानं काही बिघडत नाही, कारण चूक सगळ्यांची सारखीच असते.

इथं एक खड्डा आहे, तो नीट बघून ठेव. अमेरिकेत दाब हेक्टोपास्कलमध्ये देत नाहीत, पाऱ्याच्या इंचांत देतात. प्रमाण दाब तिकडं २९.९२ इंच. आता समज, जोराचं वादळ असलेल्या ठिकाणी क्यूएनएच ९९२ हेक्टोपास्कल आहे. कंट्रोलर घाईत नुसतंच म्हणाला, "नाइन नाइन टू." अमेरिकन सवयीच्या, थकलेल्या वैमानिकानं ऐकलं २९.९२ आणि तेच लावलं. म्हणजे १०१३. एकवीस हेक्टोपास्कलचा फरक, तीसनं गुण: सहाशे फुटांच्या वर. काटा दाखवतो त्यापेक्षा विमान सहाशे फूट खाली, आणि तेही ढगात, धावपट्टीकडं उतरताना. ब्रिटनमध्ये यासाठी नियमच आहे की दाब हजाराच्या खाली असेल तर आकड्यामागं हेक्टोपास्कल हा शब्द बोलायचाच. आमच्या प्रशिक्षणात मी एकदा अशीच नुसती "व्हिजिबिलिटी एट हंड्रेड" दिली होती. शिकवणारे उत्तर प्रदेशातले होते. ते शांतपणे म्हणाले, "आठ सौ क्या? आम?" त्यानंतर माझ्या तोंडून एकटा आकडा बाहेर पडलेला नाही, बायको भाजी आणायला सांगते तेव्हाही मी एकक विचारतो.

आता खिचडीकडं.

नॉटिकल मैल हे माप पृथ्वीवरूनच काढलेलं आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं, आणि एका मिनिटाचं जमिनीवरचं अंतर म्हणजे एक नॉटिकल मैल. १९२९ साली तो नेमका १,८५२ मीटरचा ठरवला गेला. आपला आयर्विन पूलही त्याच वर्षी सुरू झाला, हा निव्वळ योगायोग, पण साल लक्षात राहायला बरा. सांगलीचा अक्षांश १६ अंश ५१ मिनिटं, साताऱ्याचा १७ अंश ४१ मिनिटं. वजाबाकी कर. पन्नास मिनिटं आली, म्हणजे सातारा सांगलीच्या पन्नास नॉटिकल मैल उत्तरेला. पूर्व-पश्चिम फरक वेगळा धरावा लागतो, तो रेखांशाचा भाग आणि तिथं हे गणित इतकं सरळ चालत नाही. पण नकाशा, पट्टी आणि कंपास यांवर काम करणाऱ्या दर्यावर्दी माणसाला किलोमीटर का नको होता, ते तुला आता दिसेल.

नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. नाव गाठीवरूनच आलं: जहाजामागं ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी सोडायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. "नॉट पर अवर" असं मात्र कधी म्हणू नकोस, तास त्या शब्दात आधीच आहे. निम्मे विद्यार्थी इथं पहिल्याच दिवशी पकडले जातात.

फुटांची गोष्ट सरळ बाजाराची आहे. विमानं आणि त्यांची यंत्रं बनवण्यात ब्रिटिश आणि अमेरिकनांचा वरचष्मा होता, त्यांनी फूट चालवले. रशिया आणि चीनमध्ये मीटर होते. रशियानं २०११ साली उंचावरच्या उड्डाणांसाठी फूट घेतले, चीन अजून मीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पाचव्या परिशिष्टात मापांचे नियम आहेत. तिथं मुख्य एककं मेट्रिकच आहेत. फूट, नॉट आणि नॉटिकल मैल यांना तात्पुरती मुभा दिलेली आहे आणि ती कधी संपणार याची तारीख ठरलेली नाही. सरकारी कागदावर तात्पुरतं लिहिलं की ते किती टिकतं हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको.

ही मापं टिकण्यामागं अजून एक कारण आहे, पुस्तकात कमी आणि कॉकपिटमध्ये जास्त कळणारं. ती एकमेकांत छान बसतात. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर येतं, म्हणजे प्रत्येक नॉटिकल मैलाला जवळपास तीनशे फूट खाली. विमानाचा जमिनीवरचा वेग १२० नॉट असेल तर ते मिनिटाला दोन नॉटिकल मैल जातं, म्हणजे मिनिटाला सहाशे फूट उतरायचं. सूत्र काय झालं? वेगाचा निम्मा कर आणि शून्य लाव. १४० नॉट असेल तर सातशे. हेच किलोमीटर आणि मीटरमध्ये करून बघ, कागद लागेल.

धावपट्टीची लांबी आणि कमी दृश्यमानता भारतात मीटरमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये. ते तुला जड जाणार नाही. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिकडची सांगतात. आपणही पश्चिमेचा वारा म्हणतो तेव्हा पश्चिमेकडून आलेलाच म्हणतो. वेळ मात्र आपली नव्हे, यूटीसी, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे पाचला ड्युटीवर असशील तर तारीखही कालची लिहायची, हे पहिल्या महिन्यात प्रत्येक जण एकदा तरी चुकतो.

इंधनाबद्दल आधी एक दुरुस्ती. जेट विमानात पेट्रोल नसतं, रॉकेलच्या जातीचं इंधन असतं. ते किलोत का मोजतात? कारण विमानाला वजन उचलायचं असतं, आणि इंधनातून मिळणारी ऊर्जाही वजनावर ठरते. टँकर मात्र लिटरमध्ये भरतो. घरातली तेलाची पिशवी उलटी करून बघ, एक लिटरपुढं ९१० ग्रॅम छापलेलं असतं. जेटच्या इंधनाचा लिटर त्याहून हलका, आठशे ग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा गोष्टीवरून २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोईंग ७६७ हवेत कोरडं पडलं होतं.

कॅनडात तेव्हा पौंडांवरून किलोंवर जाणं चालू होतं आणि हे विमान किलोवालं होतं. इंधनाचं मीटर बंद, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं: ७,६८२ लिटर शिल्लक. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरला गुणायचं होतं ०.८ नं, गुणलं १.७७ नं. हा आकडा बरोबर होता, पण लिटरचे पौंड करण्यासाठी. आलेल्या उत्तराला सगळ्यांनी किलो समजून घेतलं आणि फक्त ४,९१६ लिटर भरलं, जिथं वीस हजारांच्या वर लागलं असतं. गुणाकार तपासला, तो बरोबर होता. एकक कोणी तपासलं नाही. ४१,००० फुटांवर असताना इशारे वाजू लागले, मग दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवणारे होते म्हणून त्यांनी ते विमान तसंच तरंगत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. आतले सगळे ६९ जण वाचले. माझ्या मते अभ्यासक्रमातला मापांचा अख्खा धडा काढून ही एक गोष्ट ठेवली तरी चालेल.

आता बोलण्याकडं. तुझ्या मराठी माध्यमाची चिंता मला फारशी नाही, पण मराठी डोकं आकडे ज्या पद्धतीनं बोलतं त्याची आहे. आपण २,४०० ला चोवीसशे म्हणतो. इंग्रजीत बोलताना तेच "ट्वेंटी फोर हंड्रेड" होऊन बाहेर पडतं. शिवाय पंचवीस म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, इंग्रजीत उलट. घाईत ५२ आणि २५ ची अदलाबदल झालेली मी चांगल्या हुशार मुलांची पाहिली आहे. अडीच, पावणेतीन, साडेचार हे तर रक्तात. त्यावर औषध एकच: आकडा वाचू नकोस, अंक वाच. हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, ०९० असेल तर "झीरो नाइनर झीरो". फ्रिक्वेन्सी ११८.१ म्हणजे "वन वन एट डेसिमल वन", पॉइंट नव्हे. फक्त ऑल्टिट्यूड, ढगांची उंची आणि दृश्यमानता यांत पूर्ण शेकडे, हजार आले की ते शब्दांनी बोलायचे: "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट".

हे न पाळल्यानं काय होतं? १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर. फ्लाइंग टायगरचं मालवाहू बोईंग ७४७ उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." त्याला म्हणायचं होतं २,४००. त्यातला 'टू' हा आकडा. वैमानिकानं तो 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' धरला आणि ऐकलं, चारशेपर्यंत उतरा. त्यानं उत्तरही तसंच दिलं, "ओके, फोर झीरो झीरो." ते उत्तर कंट्रोलरच्या कानाला खटकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. वैमानिक जे परत बोलतो त्याला रीडबॅक म्हणतात हे तू वाचलं असशील. ते कान देऊन ऐकणं, ही खरी नोकरी. बोलणं त्या मानानं सोपं.

उच्चारांचं मात्र घाबरू नकोस. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', हजारला 'टाउसंड' असे ठरलेले उच्चार आहेत. फाइव्ह आणि नाइन खरखरीत रेडिओवर सारखेच ऐकू येतात, म्हणून नऊला शेपूट लावलं. साहेबी उच्चार कोणी मागत नाही. आपला कोल्हापूर-सांगलीकडचा ठणठणीत स्वर रेडिओवर उलट चांगला जातो, फक्त वेग आवर.

काही शब्द तर जपून ठेवलेले आहेत. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना, ती परत बोलताना किंवा रद्द करतानाच येतो, एरवी 'डिपार्चर'. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफला धुक्यात दोन जम्बो धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्याआधी एका वैमानिकाचं वाक्य होतं, "वी आर नाउ अॅट टेक-ऑफ." टॉवरला वाटलं, तो जागेवर थांबून तयार आहे, तो तर धावायला लागला होता. 'यस' ऐवजी 'अफर्म', 'नो' ऐवजी 'निगेटिव्ह', जमत नसेल तर सरळ 'अनेबल'. आपल्या लोकांना 'अनेबल' म्हणायला जीभ वळत नाही, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. वाटू दे.

आणि आपल्याच देशातली चरखी दादरी. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीजवळ सौदी बोईंग ७४७ चौदा हजार फुटांवर निघालेलं, समोरून कझाकस्तानचं आयएल-७६ उतरत होतं. त्याला पंधरा हजारांवर थांबायला सांगितलं होतं. ते थांबलं नाही. ३४९ माणसं गेली. मीटरमध्ये वाढलेले, रेडिओ ऑपरेटरच्या तोंडून इंग्रजी समजून घेणारे वैमानिक, हा मुद्दा तेव्हा फार चर्चेत आला. आज वैमानिकाला आणि कंट्रोलरला इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते, आणि चौथीवर असलीस तर दर तीन वर्षांनी पुन्हा चाचणी. तुलाही ती द्यावी लागेल. त्यात व्याकरण कमी तपासतात, समजलं नाही तर तू "से अगेन" म्हणतेस का, हे जास्त.

रोजच्या सरावासाठी पुणे विमानतळाचा हवामान अहवाल इंटरनेटवर मिळतो. तो रोज मोठ्यानं वाच, एकेक अंक, प्रत्येकाचं एकक लावून, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच ऐकून लिहून काढ. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज नकोसा होईल.

तोवर एक गणित करून पाठव. कराडचं एलिव्हेशन १,८०० फूट धर, क्यूएनएच १००८ हेक्टोपास्कल, तीस फुटांचा हिशेब. क्यूएफई किती? आणि हे विमान २,८०० फूट ऑल्टिट्यूडवर असताना क्यूएफई लावला तर काटा काय दाखवेल? नुसते आकडे आले तर आंबे समजून खाऊन टाकीन.